पान अठ्ठ्याऐंशीवरची बाई

सातशे बारा पानं. डब्याच्या पिशवीत मावेना.
पेंडुरकर बाईंनी लायब्ररीच्या रजिस्टरात नोंदवताना विचारलं,
"पंधरा दिवसांत होईल ना? मागे तिघं थांबलेत."
म्हटलं, नाइट ड्यूटी आहे. होईल.

खोटं कशाला सांगू, हरखलो होतो.
आपल्या भाषेत कुणीतरी अख्खं जग उभं केलंय:
पहिल्याच पानावर नकाशा, सात तळांचं राज्य,
शेवटी अकरा पानांची वंशावळ,
राक्षसांचं स्वतःचं व्याकरण,
आणि सगळ्यात खालच्या तळाला असा काळोख
की म्हणे त्याला दात आहेत.

काळोख हा माझ्या धंद्यातला विषय.
सव्वीस वर्षं विजेच्या केबली जोडतोय,
माझगाव, रे रोड, दारूखान्याच्या गल्ल्या.
फॉल्ट आला की रस्ता खणायचा, खड्ड्यात उतरायचं,
वर घोगळे बॅटरी धरून जांभया देतो.
तिथे खाली काळोखाला दातबीत नसतात.
ओल्या मातीचा, जळक्या डांबराचा वास असतो
आणि एक शंका:
वरच्याने सप्लाय खरंच बंद केलाय ना?

तेवढी शंका त्या पुस्तकात कुठे सापडली नाही.

तिथला काळोख गर्द, घनघोर, आदिम, रक्तपिपासू,
एका पानात चौदा वेळा. मोजले.
जॉइंट गार व्हायचा होता, वेळ होता.
राजपुत्र बापाला मारतो, मग काकाला,
मग ज्याची आपली ओळखही झालेली नसते अशा एकाला,
आणि दर खुनानंतर कड्यावर उभा राहून
वाऱ्याशी बोलतो.
वारा बिचारा ऐकून घेतो.

पान दोनशे चौदा. समासात पेन्सिलीने, सुवाच्य:
"इथे मी झोपले."
त्यापुढे तिची पेन्सिल कुठेच नाही.

मी जागा राहिलो तो एका बाईपायी.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर येते ती. नाव नाही तिला.
तळातळांवर तेल पोचवते, बुधला कमरेवर,
आणि जिने उतरताना पायऱ्या मोजते,
कारण तेल दुसऱ्यांच्या दिव्यांचं,
तिने त्यातलं थेंबभर पेटवायचं नाही.
चारशे एकावी पायरी फुटकी आहे
हे फक्त तिला ठाऊक.
एवढंच. पाऊण पान.
अंगावर काटा आला तो तिथे,
रे रोडच्या फुटपाथवर, रात्री अडीचला, चहा निवत असताना.
वाटलं, याला माहीत आहे!
या माणसाने कधीतरी अंधारात पाय टाकून पाहिलाय.

मग पाचशे पानं तिची वाट पाहिली.
युद्धं झाली. भविष्यवाणी खरी ठरली,
मग खोटी, मग वेगळ्याच अर्थाने खरी.
दर जिन्याशी मी थांबायचो, आली का चारशे एकावी.
सहाशे अकराव्या पानावर तिसरा तळ जळतो:
"सैनिक, गुलाम, तेलवाहक, सगळे भस्म झाले."

तेलवाहक.
दोन स्वल्पविरामांच्या मधे.

राग नाही आला. माझ्याही हातून झालेत असे जॉइंट,
वरून देखणे, आतून कच्चे,
आठवड्यात उडालेले.
एवढं लांब खणल्यावर माणूस दमतो,
आणि जिथे करंट होता
नेमकी तीच जागा बुजवून पुढे जातो.

परत करायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, कसंय?
मागच्या तिघांतला एक पोरगा काउंटरपाशीच,
हात आधीच पुढे केलेला.
म्हटलं, नकाशा छान आहे.

समासात त्या पाऊण पानाशेजारी
मी एक नाव लिहून ठेवलंय, हलक्या पेन्सिलीने,
खोडता येईल असं. ते नाही बोललो.

जिना उतरलो. अर्ध्यातून परत वर गेलो:
बाई, दुसरा भाग येणार आहे म्हणतात.
आला तर पहिला नंबर माझा लावा.